कारखान्याच्या फाटकाबाहेरचा रंग

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात मोटारी तयार होतात, त्यांचे सुटे भाग तयार होतात आणि त्या भागांना रंगही येथेच दिला जातो. मोटारीच्या आतील प्लॅस्टिकवर कोणता रंग धरतो, कोणता उडतो आणि तो देताना कामगाराने कोणती काळजी घ्यायची, याचे शास्त्र देशात ज्या मोजक्या ठिकाणी मुरले आहे, त्यांत हा पट्टा निश्चितच मोडतो. मात्र याच परिसरातील गृहसंस्थांच्या वाहनतळांवर सुट्टीच्या दिवशी डोकावले, तर वेगळेच चित्र दिसू शकते. जुन्या मोटारीच्या दरवाजांची आतील पॅड, गिअरभोवतीचे कन्सोल, एसीच्या जाळ्या सोडवून वर्तमानपत्राच्या कागदांवर मांडलेल्या असतात आणि मोटारीचा मालक नाकाला रुमाल बांधून त्यांवर स्प्रेच्या डब्याने काळा किंवा राखी रंग मारत असतो. दोन महिन्यांनी त्या रंगाचे पापुद्रे निघू लागतात. मग तो परिसरातील एखाद्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये जातो. तेथेही काम करणाऱ्याच्या नाकाला रुमालच असतो.

वरकरणी ही किरकोळ हौस वाटते. वास्तविक तिच्यामागे वापरलेल्या मोटारींची वाढती बाजारपेठ आहे, सुट्या भागांच्या उपलब्धतेचा जुना वाद आहे आणि लहान शेडमध्ये काम करणाऱ्या रंगाऱ्यांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. या साऱ्यांना जोडणारा धागा एकच आहे. कारखान्याच्या आत जे ज्ञान आणि जी सुरक्षितता गृहीत धरली जाते, ती फाटकाबाहेर पडत नाही.

जुनी मोटार, दुर्मीळ भाग

सन २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख नवी प्रवासी वाहने विकली गेली. वापरलेल्या मोटारींचे व्यवहार त्याहून अधिक झाले असावेत, असे उद्योगक्षेत्राचे अंदाज आहेत. सरकारी तिजोरीनेही या बाजाराची दखल घेतली असून, जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुनी मोटार विकताना खरेदी-विक्रीतील फरकावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. नोंदणीची पंधरा वर्षे संपल्यानंतर तपासणी करून ती वाढवून घेण्याची मुभा आहे. साहजिकच मध्यमवर्गीय कुटुंबाची मोटार पूर्वीपेक्षा अधिक काळ रस्त्यावर राहते आणि अधिक हातांतून जाते.

इंजिन सुस्थितीत असले, तरी आतील प्लॅस्टिक मात्र वय लपवत नाही. मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड उन्हाळ्यात ७० अंश सेल्सिअसच्या घरात तापू शकतो. घाम, अंगठ्या, चाव्या आणि सामानाच्या पिशव्या यांमुळे दरवाजांची पॅड खरवडतात. अशा वेळी मालक कंपनीच्या अधिकृत केंद्रात जातो, तेव्हा लहानशी पट्टी सुटी मिळत नसून पूर्ण पॅडच घ्यावे लागेल, असे उत्तर अनेकदा मिळते. उत्पादन बंद झालेल्या मोटारींची अडचण त्याहून मोठी असते. पिंपरीत तयार होणारी 'इंडिका' १९९८ मध्ये बाजारात आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या प्रकल्पातील उत्पादन बंद केले आणि पुढे तो प्रकल्प ह्युंदाईने घेतला. कारखान्याचा मालक बदलला, पण तेथून बाहेर पडलेल्या 'बीट' मोटारी अजूनही घरोघरी आहेत. अशा मोटारीचे ब्रेक किंवा क्लचचे भाग एक वेळ मिळतात. विशिष्ट छटेचे आतील झाकण मिळणे मात्र दुरापास्त असते.

सुट्या भागांचा हा प्रश्न नवा नाही. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि तांत्रिक माहिती खुलेपणाने उपलब्ध करून दिली जात नाही, असा ठपका ठेवून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण अपिलात गेले आणि डिसेंबर २०१६ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबतचा निष्कर्ष कायम ठेवताना दंडाची रक्कम मात्र खाली आणली. त्यानंतर ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' ही संकल्पना पुढे आणली. २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेल्या यासंबंधीच्या पोर्टलमध्ये शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि घरगुती उपकरणे यांच्याबरोबरच मोटारींचाही समावेश करण्यात आला. तथापि पोर्टलवर माहिती येणे आणि ती चिंचवडच्या गॅरेजपर्यंत किंवा मोशीच्या वाहनतळापर्यंत पोहोचणे, यांत अंतर आहे. विशेषतः आतील प्लॅस्टिक हा 'दुरुस्ती'चा विषय आहे, हेच कोणी गांभीर्याने घेत नाही.

मुळात नसलेला रंग

घरी रंगविलेले प्लॅस्टिक सोलवटते, याला मालकाचा हलगर्जीपणा क्वचितच कारणीभूत असतो. त्याला प्लॅस्टिकचा स्वभाव ठाऊक नसतो, हे खरे कारण आहे. मोटारीच्या आतील बहुतेक भागांना कारखान्यात मुळी रंग दिलेलाच नसतो. प्लॅस्टिकच्या दाण्यांतच रंगद्रव्य मिसळले जाते आणि साच्यातून भाग त्याच रंगाचा, वरच्या खरखरीत पोतासह बाहेर पडतो. म्हणूनच त्यावर ओरखडा उमटला, तर खालून वेगळा रंग दिसत नाही. नुसती पांढुरकी रेघ दिसते. गिअरभोवतीची चकचकीत काळी चौकट, रुपेरी पट्ट्या किंवा हाताला मऊ लागणारे काही भाग तेवढे रंगविलेले असतात.

दरवाजांची पॅड, खांबांवरील झाकणे आणि अनेक डॅशबोर्ड ज्या पॉलिप्रॉपिलीनचे बनतात, ते प्लॅस्टिक स्वस्त, हलके आणि चिवट असते. मात्र त्यावर काहीही सहजासहजी चिकटत नाही. द्रवाला पसरू देण्याची पृष्ठभागाची क्षमता डाइन या एककात सांगतात. पॉलिप्रॉपिलीनच्या बाबतीत ती सेंटिमीटरला सुमारे ३० असते, तर रंग नीट धरण्यासाठी ती ३८ ते ४० च्या पुढे असावी लागते. या पृष्ठभागावर रंग मेणावरच्या पाण्यासारखा वागतो. कारखान्यात हा अडथळा दूर करण्यासाठी भागावरून क्षणभर ज्योत फिरवतात, प्लाझ्माची प्रक्रिया करतात किंवा क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिनचा विशेष प्रायमर देतात. धातूच्या सांगाड्यावरील रंग १४० अंशांच्या आसपास भाजला जातो. प्लॅस्टिक तेवढी आच सोसत नसल्याने त्याची भट्टी ८० अंशांच्या आसपास ठेवतात. हवेतील धूळ, तापमान आणि आर्द्रता यांवर नियंत्रण असते. मोटार कारखान्यातील सर्वाधिक ऊर्जा खाणाऱ्या विभागांत रंगविभागाची गणना होते, ती उगीच नव्हे.

घरी रंगविणाऱ्याकडे यांपैकी काहीच नसते. पण त्याच्या हाती एक किल्ली असते आणि ती त्याला कोणी दाखवलेली नसते. बहुतेक भागांच्या पाठीवर साच्यातच एक खूण उमटवलेली असते. मोडीत निघालेल्या प्लॅस्टिकची वर्गवारी करता यावी, म्हणून आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती दिली जाते. तेथे 'पीपी' असे असेल, तर तो पॉलिप्रॉपिलीनचा भाग आणि विशेष प्रायमरशिवाय त्याला रंग लावणे व्यर्थ. 'टीडी २०' असे पुढे असेल, तर त्यात २० टक्के टाल्कची भुकटी आहे. 'एबीएस' किंवा 'पीसी-एबीएस' असे असेल, तर काम बरेच सोपे. भाग पालथा करून ही दोन अक्षरे वाचण्याचे कष्ट घेतले, तर फसलेल्या रंगकामांची मोठी संख्या टळेल.

दुसरा शत्रू मालकाने स्वतःच घरात आणलेला असतो. डॅशबोर्ड चमकावण्यासाठी जी पॉलिश वापरली जातात, त्यांतील अनेकांत सिलिकोन असते. ते वर्षानुवर्षे पोतात मुरते आणि रंग पडताच त्यावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. साबणाच्या पाण्याने ब्रशने घासणे, पूर्ण वाळवणे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, बारीक वॉटर पेपरने चमक घालवणे, प्रायमरचा पातळ हात, त्यानंतर रंगाचे तीन-चार पातळ हात आणि दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटांची उसंत, एवढा हा क्रम आहे. त्यातील फवारणीला लागणारा वेळ सर्वांत कमी, पूर्वतयारीचा सर्वांत अधिक. जाड थर दिला, तर पोत बुजतो आणि भाग मूळचा वाटत नाही. पावसाळ्यात हे काम न केलेलेच बरे. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतील बाष्प त्यावर बसते आणि काळ्या रंगावर पांढरी झाक येते. पुण्यातील जुने रंगारी जुलैमध्ये लॅकरचे काम टाळतात, त्यामागे हेच कारण आहे.

चिकट होणारा मऊपणा

या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि तिचा दोष ग्राहकाकडे मुळीच जात नाही. गेल्या दोन-अडीच दशकांत महागड्या मोटारींची बटणे, हँडल आणि कन्सोल यांवर रबरासारखा मऊ स्पर्श देणारा पॉलियुरेथेनचा लेप देण्याची पद्धत रूढ झाली. दालनात हात लावून पाहणाऱ्या ग्राहकाला तो श्रीमंती वाटे. मात्र अशा लेपांतील काही प्रकार उष्णता आणि आर्द्रता यांच्यापुढे टिकत नाहीत. बाष्पामुळे त्यांच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटतात आणि काही वर्षांनी लेप चिकट होऊन बोटांना काळा लागू लागतो. थंड, कोरड्या हवेत जे दहा-पंधरा वर्षे टिकते, ते मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याआधीच विरघळल्यासारखे होते.

तोवर वॉरंटी संपलेली असते. जुन्या मोटारीच्या दुसऱ्या मालकाला हा चिकटा काढण्यासाठी अल्कोहोलने तासन्तास पुसत बसावे लागते आणि खाली उघड्या पडलेल्या प्लॅस्टिकला रंग द्यावा लागतो. म्हणजे घरी रंगकाम करणारे सारेच हौशी नसतात. त्यांतील काही जण उत्पादनाच्या रचनेतील उणीव स्वतःच्या खर्चाने आणि श्रमाने भरून काढत असतात. उष्ण कटिबंधातील ग्राहकासाठी वस्तू घडवताना येथील हवामानाची कसोटी किती वर्षांची धरायची, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा. चाचण्यांची साधने आणि तज्ज्ञ पुण्यात आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था येथेच आहे आणि तिचे एक केंद्र चाकणलाही आहे.

शेडमधला श्वास

मालकाचा फसलेला रंग दुरुस्त होऊ शकतो. शेडमधील रंगाऱ्याची फुफ्फुसे दुरुस्त होत नाहीत. या विषयातील सर्वांत गंभीर भाग हाच आहे.

बाजारात मिळणारे साधे स्प्रेचे डबे बहुधा एकाच घटकाचे असतात. त्यांत झायलीन, टोल्युइन, अॅसिटोन अशी द्रावके आणि ज्वालाग्राही वायू असतो. बंद वाहनतळात किंवा मोटारीच्या आत बसून ते मारले, तर डोके जड होते, मळमळते आणि ठिणगी पडली तर आगीचा धोका असतोच. टिकाऊपणासाठी शेडमध्ये वापरले जाणारे दोन घटकांचे पीयू रंग त्याहून घातक असतात. त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटातील रसायने असतात. १९८४ मध्ये भोपाळमध्ये गळती झालेला मिथाइल आयसोसायनेट हा याच कुटुंबातील. रंगातील प्रकार त्याच्याइतका चटकन उडणारा नसतो; परंतु स्प्रे गनमधून त्याचे सूक्ष्म तुषार बनतात आणि थेट श्वासात जातात. कामामुळे जडणाऱ्या दम्याच्या कारणांत आयसोसायनेटचे स्थान जगभर वरचे मानले जाते. एकदा शरीर त्याबाबत संवेदनशील झाले, की पुढे अत्यल्प मात्रेनेही धाप लागू शकते. अशा कामगाराला तो व्यवसायच सोडावा लागतो.

या रसायनाचा सर्वांत मोठा धोका असा, की घातक मात्रेतही त्याचा वास येईलच याची खात्री नसते. रुमाल आणि साधा मास्क निरुपयोगी ठरतातच. कोळशाच्या डबीचा मास्कही पुरेसा मानला जात नाही, कारण डबी निकामी झाल्याचे नाकाला कळत नाही. म्हणूनच कारखान्यांच्या फवारणी कक्षांत बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे शिरस्त्राण दिले जाते. युरोपीय संघाने तर २४ ऑगस्ट २०२३ पासून अशी उत्पादने व्यवसायात वापरणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. येथे मात्र हार्डनरचा डबा दुकानातून कोणीही उचलू शकतो.

शिशाबाबतही अशीच फट आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१७ पासून देशात लागू आहे. औद्योगिक आणि मोटारींचे रंग मात्र त्या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. घराची भिंत सुरक्षित आणि त्याच घराच्या गॅलरीत मोटारीच्या भागांवर मारलेला रंग नियमाबाहेर, अशी ही विसंगती आहे.

कायद्याचे छत्र शेडपर्यंत पोहोचते का? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनुसार यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी २० कामगार असतील, तरच तो 'कारखाना' ठरतो आणि संहितेच्या सर्वसाधारण तरतुदींसाठी किमान दहा कामगार लागतात. एक कॉम्प्रेसर, दोन स्प्रे गन आणि चार माणसे असलेली शेड या दोन्ही चाळण्यांतून खाली पडते. धोकादायक काम असेल, तर एका कामगाराच्या आस्थापनालाही संहिता लागू करण्याचा अधिकार केंद्राला आहे. आयसोसायनेटयुक्त फवारणीपेक्षा त्यासाठी अधिक योग्य उदाहरण शोधावे लागणार नाही.

आजवर लहान शेडकडे प्रशासनाचे लक्ष जाते, ते बहुधा आग लागल्यावर किंवा अतिक्रमण हटवताना. डिसेंबर २०२३ मध्ये तळवडे येथे वाढदिवसाच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका ठिकाणी लागलेल्या आगीत अनेक महिला कामगारांचे प्राण गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली परिसरात भंगार गोदामे आणि लहान शेड मिळून चार हजारांहून अधिक अनधिकृत बांधकामे पाडली. प्रदूषण आणि वारंवार लागणाऱ्या आगी ही कारणे त्यामागे होती आणि ती खोटी म्हणता येणार नाहीत. तथापि शेड पाडली म्हणून काम संपत नाही. कामाला मागणी असते, तोवर ते जागा बदलते. पाडण्याइतकीच तत्परता सुरक्षित पर्याय उभा करण्यात दिसली असती, तर त्या कारवाईला अधिक अर्थ आला असता.

जेथे रंग लावू नये

घरी रंगकाम करणाऱ्यांना एक मर्यादा ठामपणे सांगायला हवी. एअरबॅगच्या झाकणांवर रंग लावू नये. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी आणि २०२१ अखेरपासून शेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. अनेक मोटारींत त्या छताच्या कडेलाही असतात. डॅशबोर्डवर किंवा स्टिअरिंगवर 'एसआरएस' किंवा 'एअरबॅग' अशी अक्षरे असलेला भाग विशिष्ट रेषेवर फाटावा, अशा हिशेबाने घडवलेला असतो. अपघातानंतर सुमारे ३० सहस्रांश सेकंदात एअरबॅग फुगते. रंगाच्या थरांनी ती रेषा बुजली किंवा कडक पापुद्रे उडाले, तर ज्या साधनाने जीव वाचायचा तेच इजा करू शकते. खांबांवरील झाकणे उचकटतानाही हेच भान हवे. बॅटरीची तार सोडवून काही मिनिटे थांबल्याखेरीज त्यांना हात लावू नये आणि शक्यतो ते काम जाणकारावर सोपवावे. स्टिअरिंग, पेडल आणि हातब्रेक यांवरील रंगाने पकड निसटते, तेव्हा तेही वगळावेत.

आतील साहित्य किती वेगाने जळते, याचेही मानक आहे. अमेरिकेत १९७२ पासून मिनिटाला १०२ मिलिमीटरची मर्यादा आहे आणि भारतातही आयएस १५०६१ हे मानक त्यासाठीच आहे. कारखान्यातून आलेला भाग त्या कसोटीला उतरलेला असतो. त्यावर घरी चढवलेल्या थरांची कसोटी कोणी घेतलेली नसते. मोटारीचा बाहेरचा रंग बदलला, तर परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. आतील रंगाची नोंद नसते, म्हणून त्यात धोका नसतो, असे मात्र नव्हे. रंगविलेले भाग दोन-चार दिवस मोकळ्या हवेत वाळू द्यावेत आणि मगच बसवावेत, एवढी दक्षता तरी घ्यायलाच हवी. अन्यथा उन्हात तापलेल्या बंद मोटारीत द्रावकांची वाफ कोंडते आणि मागच्या आसनावरील लहान मुले तीच हवा घेतात. उरलेला डबा तर मोटारीत ठेवूच नये. ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो.

फाटकातून काय बाहेर यावे

औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि त्यानंतरच्या काळात पिंपरी-चिंचवडच्या माळरानाची उद्योगनगरी झाली. पुढे चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा प्रकल्प सुरू झाला आणि आजूबाजूला सुट्या भागांच्या कारखान्यांची दाटी झाली. येथील प्रशिक्षित मनुष्यबळ हीच या पट्ट्याची खरी पुंजी आहे. ती फाटकाबाहेरच्या माणसाच्या उपयोगी पडावी, यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही.

पहिली गोष्ट माहितीची. प्रत्येक मॉडेलचा कोणता आतील भाग कोणत्या प्लॅस्टिकचा आहे, त्याला कोणता प्रायमर चालतो आणि कोणत्या भागाला रंग लावू नये, ही माहिती कंपन्यांकडे तयार असते. 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टलवर ती मराठीसह भारतीय भाषांत देण्यास व्यापारी गुपिताची सबब पुढे करता येणार नाही. वेष्टनावरील मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत असला, तरी आजचे नियम समाधान मानतात. इतर भाषा ऐच्छिक आहे. निदान धोक्याची सूचना तरी वापरणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत असावी, ही मागणी अवाजवी नाही.

दुसरी गोष्ट जागेची. स्वच्छ हवा पुरवणारे शिरस्त्राण, गाळण्या आणि शोषक पंखे असलेला फवारणी कक्ष एकट्या शेडमालकाला परवडत नाही. परंतु भोसरी, कुदळवाडी किंवा चाकण परिसरात तासावर भाड्याने मिळणारे सामायिक कक्ष महापालिका, औद्योगिक विकास महामंडळ आणि लघुउद्योजकांच्या संघटना यांना एकत्र येऊन उभारता येतील. विखुरलेल्या शंभर शेडवर लक्ष ठेवण्यापेक्षा अशा दहा कक्षांवर लक्ष ठेवणे प्रदूषण नियंत्रण मंडळालाही सोपे जाईल.

तिसरी गोष्ट प्रशिक्षण आणि तपासणीची. महापालिकेचे मोरवाडी येथे आयटीआय आहे, यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. शेडमधील रंगाऱ्यांसाठी चार दिवसांचा वर्ग आणि वर्षातून एकदा फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी, एवढे या दोन संस्थांच्या आवाक्यात आहे. आयसोसायनेटचा दमा लवकर ओळखला, तर कामगाराला वेळीच दुसऱ्या कामावर वळवता येते. उशीर झाला, तर तो आयुष्यभराचा रुग्ण होतो.

घरी रंग लावणाऱ्याला हिणवण्याचे किंवा त्याला बंदी करण्याचे कारण नाही. जुनी वस्तू टाकून न देता ती नीट करून वापरणे, हा या समाजाचा जुना संस्कार आहे आणि प्लॅस्टिकच्या वाढत्या ढिगाऱ्यांच्या काळात तो अधिकच मोलाचा आहे. मात्र ज्या गावात तो भाग बनतो, त्याच गावात त्याची दुरुस्ती अंधारात चाचपडत व्हावी, हे दिव्याखाली अंधार असल्याचेच लक्षण होय. जो रंग देण्यासाठी चाकणच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर स्वच्छ हवेचे शिरस्त्राण चढवले जाते, तोच रंग काही किलोमीटरवरच्या शेडमध्ये एखादा तरुण रुमाल बांधून मारत असतो. महापालिका, कामगार विभाग आणि मोटार कंपन्या यांनी हे अंतर कधी आणि कसे कमी करणार, याचे उत्तर द्यायला हवे.